टर्नटेबलची मोटार व वीजपुरवठा यांतील सुधारणा : तत्त्वे, पद्धती आणि ध्वनिमुद्रिकांच्या जतनातील महत्त्व

सारांश

अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत व संगीत विभागांत जुन्या ध्वनिमुद्रिकांचे संग्रह असून त्यांचे संगणकीय रूपांतर करण्याचे प्रयत्न होत आहेत. या रूपांतराची विश्वासार्हता टर्नटेबलच्या फिरण्याच्या गतीवर अवलंबून असते आणि ही गती मोटार व तिला मिळणारा वीजपुरवठा यांवर ठरते. प्रस्तुत लेखात समकालिक मोटारीचे कार्य, वीजवारंवारतेचा स्वरावर होणारा परिणाम, मोटारीच्या कंपाची कारणे, सुधारित वीजपुरवठ्याची रचना आणि मोटार बदलण्याचे पर्याय यांचे विवेचन केले आहे. अल्प खर्चात करता येणारी मोजमापे, सुधारणांचा योग्य क्रम आणि जुन्या कॅसेट-प्रतींतील गतिदोष ओळखण्याची एक पद्धतही विशद केली आहे.

बीजसंज्ञा : टर्नटेबल, समकालिक मोटार, वारंवारता, कलांतर, वॉव व फ्लटर, ध्वनिमुद्रिका-जतन

१. प्रस्तावना

ध्वनिमुद्रिकेच्या खाचेत स्वर साठवलेला नसतो; साठवलेला असतो तो केवळ एक आकार. त्या आकाराचा स्वर होतो तो ध्वनिमुद्रिका ठरावीक गतीने फिरली तरच. छापील पुस्तक कोणीही कोणत्याही वेगाने वाचले तरी मजकूर बदलत नाही. ध्वनिमुद्रिकेचे तसे नाही. वाचणाऱ्या यंत्राची गती बदलली की मजकूरच बदलतो. म्हणून टर्नटेबलची मोटार हा केवळ थाळी फिरवणारा भाग नसून तो संपूर्ण प्रक्रियेचे घड्याळ आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

सुगम वा शास्त्रीय संगीताचा हौशी श्रोता किरकोळ गतिदोषाकडे दुर्लक्ष करू शकतो. संस्थेच्या संग्रहाची बाब वेगळी आहे. ध्वनिमुद्रिकेची एकदा संगणकीय प्रत तयार झाली की मूळ तबकडी बहुधा कपाटात जाते आणि पुढील अभ्यासक त्या प्रतीलाच प्रमाण मानतात. एखाद्या गायकाची पट्टी, त्याची लय, मैफलीतील विलंबित ख्यालाचा कालावधी यांविषयीचे निष्कर्ष त्या प्रतीवरून काढले जातात. प्रत करताना मोटार दोन टक्के मंद फिरली असेल, तर हा दोष प्रत्येक निष्कर्षात शिरतो आणि प्रतीच्या नोंदीत तो कोठेही दिसत नाही. या कारणास्तव टर्नटेबलच्या मोटारीचा व वीजपुरवठ्याचा विचार भौतिकशास्त्र, संगीतशास्त्र व ग्रंथालयशास्त्र या तिन्ही विद्याशाखांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

२. गती आणि स्वर यांचा संबंध

दीर्घवादन ध्वनिमुद्रिका मिनिटाला ३३⅓ फेरे या गतीने फिरते. म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. लहान ध्वनिमुद्रिका ४५ फेऱ्यांनी, तर त्यापूर्वीच्या लाखेच्या तबकड्या सुमारे ७८ फेऱ्यांनी वाजवल्या जातात. गती ज्या प्रमाणात बदलते त्याच प्रमाणात प्रत्येक स्वराची वारंवारता बदलते. स्वरांतील सूक्ष्म अंतर मोजण्यासाठी सेंट हे एकक वापरतात. एका सप्तकाचे १२०० सेंट होतात व समस्वरांकित पद्धतीतील अर्धस्वर १०० सेंटचा असतो. गतीत एक टक्का फरक पडला तर स्वर सुमारे १७ सेंटने सरकतो. भारतीय संगीतशास्त्रात चर्चिल्या जाणाऱ्या ८१/८० या प्रमाणश्रुतीचे मूल्य सुमारे २१.५ सेंट आहे. म्हणजेच गतीतील सव्वा टक्क्याचा दोष एका प्रमाणश्रुतीइतका असतो.

येथे दोन प्रकारच्या दोषांत भेद करणे आवश्यक आहे. गती सर्वकाळ सारखीच पण चुकीची असेल, तर सर्व स्वर एकाच प्रमाणात सरकतात. त्यामुळे षड्जाचे स्थान व लय बदलते, परंतु स्वरांचे परस्पर गुणोत्तर अबाधित राहते. अशा प्रतीवरून श्रुत्यंतरे मोजता येतात. गायकाची पट्टी मात्र सांगता येत नाही. याउलट गती वाजत असतानाच बदलत राहिली, तर स्वरांची परस्पर अंतरेही बिघडतात. मंद गतीने होणाऱ्या अशा चढउतारास वॉव आणि जलद चढउतारास फ्लटर म्हणतात. सेकंदाला साधारण चार वेळा होणाऱ्या चढउतारास मानवी कान सर्वाधिक संवेदनशील असतो; त्यामुळे मोजमापाच्या प्रमाणित पद्धतीत या भागास सर्वाधिक भार दिला जातो. स्थिर लांबलेला षड्ज किंवा सतारीची मींड ऐकताना हा दोष प्रथम जाणवतो.

३. समकालिक मोटारीचे कार्य

पट्ट्यावर चालणाऱ्या असंख्य टर्नटेबलमध्ये सिंक्रोनस म्हणजेच समकालिक मोटार बसवलेली असते. तिच्या गुंडाळ्यांतील प्रत्यावर्ती प्रवाह एक फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि चुंबकीय घूर्णक त्या क्षेत्राच्या पावलाशी पाऊल जुळवून फिरतो. तिची मिनिटाची गती काढण्याचे सूत्र सोपे आहे : वारंवारतेस १२० ने गुणावे व ध्रुवसंख्येने भागावे. २४ ध्रुवांची मोटार ५० हर्ट्झवर मिनिटास २५० फेरे घेते. त्यापासून ३३⅓ फेरे मिळवण्यासाठी पुली व थाळी यांच्या परिणामी व्यासांचे गुणोत्तर १ : ७.५ ठेवावे लागते.

या सूत्रात विभवांतराला, म्हणजे व्होल्टेजला, स्थान नाही ही गोष्ट लक्षणीय आहे. व्होल्टेज २३० वरून २०० वर आले तरी समकालिक मोटारीची गती बदलत नाही. फक्त तिची फिरवण्याची ताकद कमी होते. म्हणून स्टॅबिलायझर जोडल्याने गती सुधारेल हा समज निराधार आहे.

अमेरिकेतून परतणारी मराठी कुटुंबे कधीकधी आपले टर्नटेबल सोबत आणतात व नंतर ते संस्थेस भेट देतात. अशा ६० हर्ट्झच्या समकालिक यंत्रास केवळ ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडला तर यंत्र सुरू होते, पण ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नसल्याने थाळी मिनिटास ३३.३३ ऐवजी २७.७८ फेरे घेते. स्वर सुमारे ३१६ सेंटने, म्हणजे तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक, खाली उतरतो. यावर उपाय दोनच : ५० हर्ट्झसाठी योग्य व्यासाची पुली बसवणे किंवा ६० हर्ट्झ निर्माण करणारा स्वतंत्र वीजपुरवठा देणे.

४. वीजजालाची वारंवारता : काल आणि आज

समकालिक मोटार वीजजालाचे आज्ञापालन करते. त्यामुळे जालाची वारंवारता जेवढी स्थिर तेवढेच टर्नटेबल अचूक. भारतात ही स्थिरता फार जुनी नाही. मागणीच्या मानाने वीजनिर्मिती अपुरी असताना जालाची वारंवारता खाली येते. १९९० च्या दशकात पश्चिम विभागासह देशातील अनेक भागांत ती पुष्कळदा ४९ हर्ट्झच्याही खाली जात असे. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात उपलब्धताधारित वीजदरप्रणाली लागू झाली व वारंवारतेतील विचलनास आर्थिक किंमत जोडली गेली. पुढे अनुज्ञेय मर्यादा क्रमाक्रमाने अरुंद होत गेली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण विभागाचे जाल उर्वरित देशाच्या जालाशी जोडले गेले आणि सर्व देशात एकच वारंवारता नांदू लागली. आता अपेक्षित कक्षा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ अशी आहे.

५० हर्ट्झसाठी बनवलेल्या टर्नटेबलवर वारंवारतेचा होणारा परिणाम पुढील कोष्टकावरून स्पष्ट होईल.

कोष्टक १ : वीजवारंवारता व स्वरविचलन
४८.५ हर्ट्झ : ३२.३३ फेरे, स्वर सुमारे ५३ सेंट खाली
४९.० हर्ट्झ : ३२.६७ फेरे, स्वर सुमारे ३५ सेंट खाली
४९.५ हर्ट्झ : ३३.०० फेरे, स्वर सुमारे १७ सेंट खाली
५०.० हर्ट्झ : ३३.३३ फेरे, विचलन नाही
५०.५ हर्ट्झ : ३३.६७ फेरे, स्वर सुमारे १७ सेंट वर

४९ हर्ट्झवर वीस मिनिटांची बाजू संपण्यास सुमारे साडेचोवीस सेकंद अधिक लागतात. आजच्या कक्षेत मात्र विचलन खाली साडेतीन सेंट व वर पावणेदोन सेंट यांच्या आत राहते. यावरून असे म्हणता येते की, वीजजालाच्या अस्थिरतेमुळे नवा वीजपुरवठा बसवावा हा युक्तिवाद वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जितका सबळ होता तितका आता राहिलेला नाही. त्यास एक अपवाद आहे. भारनियमनाच्या वेळी अनेक महाविद्यालये जनित्रावर किंवा इन्व्हर्टरवर चालतात. डिझेल जनित्राची वारंवारता भारानुसार बदलते. भार कमी असताना ती ५१ हर्ट्झच्या पुढे जाऊ शकते. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी तरंग देतो. त्यातील अनावश्यक संनादींमुळे मोटार तापते व थरथरते. अशा पुरवठ्यावर संग्रहासाठी प्रत तयार करणे टाळावे.

५. मोटारीचा कंप व त्याचे मूळ

आज वीजपुरवठा सुधारण्याचे मुख्य कारण गती हे नसून कंप हे आहे. टर्नटेबलमधील समकालिक मोटारीत बहुधा दोन गुंडाळ्या असतात. क्षेत्र सुरळीत फिरावे यासाठी दोन्हींतील प्रवाह समान तीव्रतेचे व परस्परांपासून ९० अंशांच्या कलांतराने असावे लागतात. घरगुती पुरवठा एककलीय असल्याने दुसरी कला एका संधारित्राच्या, म्हणजे कपॅसिटरच्या, साहाय्याने निर्माण केली जाते. ही तडजोड होय. संधारित्राचे मूल्य कालांतराने बदलते आणि दोन गुंडाळ्याही तंतोतंत सारख्या नसतात. परिणामी क्षेत्र वर्तुळाकार न राहता लंबवर्तुळाकार होते आणि मोटारीच्या परिबलात पुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेने, म्हणजे सेकंदास १०० वेळा, स्पंद निर्माण होतात.

हे स्पंद पट्टा, बेअरिंग व बैठक यांच्यामार्फत सुईपर्यंत पोहोचतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए समकरणानुसार ध्वनिमुद्रिका वाजवताना मंद्र वारंवारता वाढवाव्या लागतात. एक किलोहर्ट्झच्या तुलनेत १०० हर्ट्झला सुमारे १३ डेसिबल व ५० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबल वाढ मिळते. म्हणजे सुईने टिपलेला ५० हर्ट्झचा कंप सुमारे सात पट मोठा होऊन ऐकू येतो. तंबोऱ्याच्या खर्जाखाली ऐकू येणारी गुरगुर, जिला रंबल म्हणतात, तिचे एक कारण हेच आहे.

पट्टा या कंपास काही प्रमाणात अडवतो. पट्टा स्प्रिंगसारखा व जड थाळी जडत्वासारखी कार्य करून एक यांत्रिक गाळणी तयार होते. संस्पंदन वारंवारतेच्या बऱ्याच वरचे कंप ही गाळणी रोखते; परंतु त्या वारंवारतेच्या जवळचे चढउतार ती वाढवते. अनेक यंत्रांत ही वारंवारता काही हर्ट्झ, म्हणजे कान सर्वाधिक संवेदनशील असतो नेमक्या त्याच भागात, येते. म्हणून सैल झालेला पट्टा किंवा मोटारीच्या परिबलातील मंद चढउतार उत्तम गाळणी असतानाही जाणवतात.

मोटारीवर प्रत्यक्ष भार किती असतो हेही पाहणे उद्बोधक आहे. सुईचा दाब दोन ग्रॅम व घर्षणांक ०.३ मानल्यास सुईमुळे होणारा विरोध सुमारे ०.००६ न्यूटन होतो. १० सेंटिमीटर त्रिज्येवर त्यासाठी लागणारी शक्ती केवळ दोन मिलिवॅटच्या आसपास येते. बेअरिंगचे व पट्ट्याचे घर्षण त्याहून अधिक असले तरी जड थाळीला स्थिरावस्थेतून गती देण्यास जेवढी ताकद लागते, तेवढी ती गती टिकवण्यास लागत नाही. म्हणूनच थाळी गतिमान झाल्यावर मोटारीचे व्होल्टेज कमी करणे हा कंप घटवण्याचा सोपा व परिणामकारक उपाय ठरतो. व्होल्टेज कमी केल्याने गती बदलत नाही हे आपण वर पाहिलेच आहे.

६. सुधारित वीजपुरवठ्याची रचना

समकालिक मोटारीसाठी तयार केलेला आधुनिक वीजपुरवठा म्हणजे वस्तुतः एक लहानसे खासगी वीजकेंद्रच होय. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिल्या टप्प्यात मेन्सच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून तो नियंत्रित केला जातो. येथे वीजजालाशी असलेला वारंवारतेचा संबंध तुटतो. दुसऱ्या टप्प्यात क्वार्ट्झ स्फटिकाच्या आंदोलकापासून संदर्भ वारंवारता मिळवली जाते. सामान्य स्फटिकाची त्रुटी दशलक्षात पन्नास भाग, म्हणजे ०.००५ टक्के धरली, तरी स्वरविचलन एका सेंटच्या दशांशाहून कमी राहते. तिसऱ्या टप्प्यात या स्पंदांपासून शुद्ध ज्या-तरंग तयार केला जातो. त्यासाठी पूर्वी विभाजक व गाळण्या वापरत. आता सूक्ष्मनियंत्रकाच्या स्मृतीत तरंगाची मूल्ये साठवून ती क्रमाने वाचली जातात व त्यांचे सदृश संकेतात रूपांतर केले जाते. चौथ्या टप्प्यात दोन स्वतंत्र वर्धक या संकेतांची शक्ती वाढवतात आणि आवश्यक असल्यास ट्रान्सफॉर्मरद्वारे व्होल्टेज मोटारीस लागेल तेवढे केले जाते. ही मोटार काही वॅटचीच असल्याने मोठ्या वर्धकांची गरज नसते.

दोन स्वतंत्र मार्ग असण्याचा लाभ मोठा आहे. दोन गुंडाळ्यांमधील कलांतर ९० अंशांच्या आसपास बारकाईने जुळवता येते, दोहोंच्या तीव्रता वेगवेगळ्या ठेवता येतात आणि मोटारीस हात लावून किंवा तिच्या बैठकीवर कंपमापक ठेवून कंप किमान होईल असा बिंदू शोधता येतो. कला-संधारित्राची गरजच उरत नाही.

दुसरा लाभ गतिबदलाचा. ५० हर्ट्झवर ३३⅓ फेरे मिळत असतील तर त्याच पुलीवर ६७.५ हर्ट्झ देऊन ४५ फेरे मिळतात. पट्टा दुसऱ्या पायरीवर सरकवावा लागत नाही. मात्र वारंवारता वाढली की गुंडाळीचा विरोध वाढतो, म्हणून व्होल्टेजही त्या प्रमाणात वाढवावे लागते. ७८ फेऱ्यांसाठी ११७ हर्ट्झ लागतात व तेथे अनेक मोटारींची ताकद अपुरी पडते. तेव्हा मोठ्या पुलीचा आधार घ्यावा लागतो.

तिसरा लाभ जुन्या तबकड्यांच्या अभ्यासकांसाठी विशेष आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच ध्वनिमुद्रित झाल्या असे नाही. त्या काळी गती ध्वनिमुद्रण यंत्रानुसार बदलत असे. प्रमाण गतीतही भेद आहे : ६० हर्ट्झच्या देशांत ती ७८.२६ व ५० हर्ट्झच्या देशांत ७७.९२ फेरे अशी रूढ झाली. बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या काळातील तबकड्यांचे जतन करताना गती सूक्ष्मपणे बदलता येणे व ती नेमकी किती ठेवली याची नोंद करता येणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. चलवारंवारता पुरवठा हे काम सहज करतो.

७. सुधारणेचा क्रमविकास : एक उदाहरण

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे निर्माण होणाऱ्या लिन सोंडेक एलपी१२ या टर्नटेबलचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आलेल्या या यंत्रात समकालिक मोटार थेट मेन्सवर चालत असे. १९८२ मध्ये वॅलहल्ला नावाचा अंतर्गत मंडलफलक आला व मोटारीस स्फटिकापासून मिळवलेली वारंवारता मिळू लागली. १९९० मध्ये लिंगो हा स्वतंत्र पेटीतील पुरवठा आला; त्यात ३३⅓ व ४५ या दोन्ही गतींची निवड विद्युतीय पद्धतीने होऊ लागली आणि पुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर सुईपासून दूर गेला. २००९ मध्ये रॅडिकल या सुधारणेने समकालिक मोटारीऐवजी एकदिश प्रवाहाची मोटार व गतिनियंत्रक आणला.

या क्रमातून दिसून येते की, थाळी, बेअरिंग व बैठक यांचा मूळ आराखडा कायम राखूनही केवळ मोटार व पुरवठा यांत टप्प्याटप्प्याने सुधारणा करणे शक्य असते. संस्थेने जुने परंतु यांत्रिकदृष्ट्या सुस्थितीतील यंत्र टाकून न देता त्याची सुधारणा करावी, या मतास या उदाहरणाने बळ मिळते.

८. मोटार बदलावी का?

एकदिश प्रवाहाच्या मोटारीत ध्रुवांचे ठळक स्पंद कमी असतात व तिला १०० हर्ट्झचा स्वभावतः स्पर्श नसतो. परंतु तिची गती वारंवारतेशी बांधलेली नसून व्होल्टेज, भार व तापमान यांवर अवलंबून असते. नियंत्रणाशिवाय ती चालवल्यास तासाभरात यंत्र तापताच गती सरकते. म्हणून तिच्यासोबत गतिसंवेदक व प्रतिपुष्टी मंडल अपरिहार्य असते. संवेदक थाळीची गती वाचतो, मंडल ती स्फटिकाच्या संदर्भाशी ताडून पाहते व मोटारीचे व्होल्टेज सुधारते. ही सुधारणा फार घाईने झाली तर थाळी सतत मागेपुढे ओढली जाते आणि नवाच फ्लटर निर्माण होतो. पट्ट्याच्या यंत्रात सुधारणेची चाल मंद ठेवणे हे या रचनेचे मर्म आहे.

थेट चालनाच्या यंत्रांत पट्टाच नसतो. मोटारीचा अक्ष हाच थाळीचा अक्ष असतो. टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० हे या प्रकारचे यंत्र आणले व १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ मध्ये स्फटिकाधारित गतिबंध दिला. अशा यंत्रांत गतीचा प्रश्न निर्मात्यानेच सोडवलेला असतो. तेथे सुधारणा म्हणजे मुख्यतः जुने इलेक्ट्रोलिटिक संधारित्र बदलणे, नियंत्रित पुरवठा तपासणे आणि ट्रान्सफॉर्मर पेटीबाहेर नेणे इतकीच असू शकते. स्फटिकाधारित यंत्रास मेन्सच्या वारंवारतेचा पुरवठा-सुधारक जोडण्याने गतीत काहीही फरक पडत नाही, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

९. मोजमाप : खर्चाआधीची पायरी

कोणतीही सुधारणा करण्यापूर्वी व केल्यानंतर मोजमाप घेणे हाच शास्त्रीय मार्ग होय. सर्वांत सोपी पद्धत मोजणीची आहे. थाळीच्या कडेला कागदाची खूण चिकटवावी, सुई ध्वनिमुद्रिकेवर ठेवावी व १०० फेऱ्यांना लागणारा वेळ मोजावा. ३३⅓ फेऱ्यांच्या गतीस हा वेळ नेमका १८० सेकंद येतो. हाताने थांबवलेल्या घड्याळात ०.२ सेकंदाची चूक झाली तरी त्रुटी ०.११ टक्के, म्हणजे दोन सेंटच्या आत राहते. सुई ठेवूनच मोजणे आवश्यक आहे, कारण आपल्याला रिकाम्या नव्हे तर वाजणाऱ्या थाळीची गती हवी आहे.

स्ट्रोबोस्कोपच्या तबकडीबाबत एक सूक्ष्म पण महत्त्वाची अडचण आहे. ५० हर्ट्झवरील दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ३३⅓ फेऱ्यांसाठी अशा तबकडीवर १८० रेषा असतात व गती बरोबर असता त्या स्थिर दिसतात. परंतु दिवा मेन्सवर आणि समकालिक मोटारही मेन्सवर असेल, तर वारंवारता ४९ हर्ट्झ झाली तरी दोन्ही सारख्याच मंदावतात व रेषा स्थिरच दिसतात. चुकणारे घड्याळ त्याच चुकणाऱ्या घड्याळाशी ताडून पाहावे तसा हा प्रकार आहे. अशी तपासणी पुली व पट्ट्याचे दोष दाखवू शकते, पण वारंवारतेचा दोष कधीही दाखवणार नाही. त्यासाठी दिवा स्फटिकावर चालणारा असावा. तसेच ५० हर्ट्झच्या तबकडीवर ४५ फेऱ्यांसाठी पूर्णांकी रेषासंख्या येत नाही. १३३ रेषांची तबकडी प्रत्यक्षात ४५.११ फेरे दाखवते.

गतीच्या चढउतारांसाठी ३१५० हर्ट्झचा स्थिर स्वर असलेली चाचणी ध्वनिमुद्रिका वाजवून ती संगणकावर ध्वनिमुद्रित करावी. ०.१ टक्क्याची त्रुटी ३.१५ हर्ट्झ इतकी दिसते. आलेखात दर १.८ सेकंदांनी पुनरावृत्त होणारा चढउतार दिसल्यास दोष मोटारीचा नसून बहुधा ध्वनिमुद्रिकेचे मध्यछिद्र केंद्रापासून सरकल्याचा असतो. छिद्र ०.२ मिलिमीटर सरकले असेल तर १०० मिलिमीटर त्रिज्येवर ०.२ टक्के मागेपुढे असा चढउतार होतो. जगातील कोणतीही मोटार हा दोष दूर करू शकत नाही. याउलट मोटारीच्या एका फेऱ्याइतक्या, म्हणजे २५० फेऱ्यांच्या मोटारीत सेकंदास सुमारे ४.१७ वेळा, होणारा चढउतार पुली वाकडी असल्याचे सुचवतो.

पट्ट्याची जाडीही गती ठरवते. पुलीचा परिणामी व्यास म्हणजे पुलीचा व्यास अधिक पट्ट्याची जाडी. २० मिलिमीटरच्या पुलीवर ०.५ ऐवजी ०.६ मिलिमीटरचा पट्टा चढवला, तर गती सुमारे ०.४ टक्क्यांनी, म्हणजे सात सेंटने वाढते. आजच्या वीजजालामुळे होणाऱ्या कमाल विचलनाच्या हा दोष दुप्पट आहे. अचूक वारंवारतेचा पुरवठा आणि चुकीचा पट्टा यांच्या संयोगातून अत्यंत स्थिर अशी चुकीची गती मिळते.

१०. जुन्या कॅसेट-प्रतींचा प्रश्न

अनेक संगीत विभागांत १९८० व १९९० च्या दशकांत ध्वनिमुद्रिकांवरून कॅसेटवर उतरवलेल्या प्रती आहेत व काहींच्या मूळ ध्वनिमुद्रिका आता उपलब्ध नाहीत. त्या काळातील वारंवारता पाहता अशा प्रतींतील षड्ज सरकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. समकालिक मोटारीचे वर सांगितलेले तत्त्वच येथे उपयोगी पडते.

प्रत करताना मेन्सची घुमघुम, जिला हम म्हणतात, अल्प प्रमाणात कॅसेटवर उतरते. त्या क्षणी वारंवारता ४९ हर्ट्झ असेल तर हम ४९ हर्ट्झचा व संगीतही ४९/५० या प्रमाणात मंद असते. नंतर कॅसेटयंत्राच्या गतीत दोष आला तरी तो हम व संगीत या दोहोंस सारखाच लागू होतो. म्हणून संगणकावर प्रतीची गती अशी बदलावी की तो हम बरोबर ५० हर्ट्झवर येईल. त्यासरशी संगीतही मूळ स्वरावर येते. १०० व १५० हर्ट्झवरील संनादी बहुधा अधिक स्पष्ट दिसतात. या पद्धतीस दोन अटी आहेत. मूळ टर्नटेबल मेन्सवरील समकालिक मोटारीचे व योग्य पुलीचे असावे, आणि तो हम प्रत करतानाचाच असावा. आज संगणकीय रूपांतर करताना नव्याने मिसळलेला किंवा मूळ ध्वनिमुद्रणातीलच नसावा. सर्वो नियंत्रित मोटारीच्या यंत्रावरून केलेल्या प्रतीस ही पद्धत लावू नये.

११. सुधारणेचा क्रम व सुरक्षितता

उपलब्ध निधी मर्यादित असतो हे गृहीत धरून सुधारणांचा क्रम पुढीलप्रमाणे सुचवावासा वाटतो. प्रथम यंत्र समपातळीत ठेवावे, मुख्य बेअरिंग स्वच्छ करून निर्मात्याने सांगितलेले तेल घालावे, पुली पुसावी व मूळ जाडीचा नवा पट्टा बसवावा. दुसऱ्या टप्प्यात मोजमाप घ्यावे. तिसऱ्या टप्प्यात मोटारीचे बेअरिंग, तिच्या बैठकीचे रबर व कला-संधारित्र तपासावे. त्यानंतरही कंप वा गतिदोष राहिल्यास स्फटिकाधारित द्विकला वीजपुरवठा घ्यावा. मोटार बदलणे हा शेवटचा टप्पा होय. कारण जुनी, पण सुस्थितीतील समकालिक मोटार चांगल्या पुरवठ्यावर बहुधा समाधानकारक चालते.

सुरक्षिततेबाबत तडजोड करू नये. अनेक समकालिक मोटारींच्या गुंडाळ्यांवर ११० किंवा २३० व्होल्ट असतात. काही अंतर्गत मंडलफलकांचा मेन्सशी थेट संबंध असतो आणि त्यांवरील संधारित्र वायर काढल्यानंतरही काही काळ भारित राहतात. धातूच्या बैठकीचे भूसंपर्कन, योग्य फ्यूज, मेन्स व कमी व्होल्टेजच्या तारांतील पुरेसे अंतर या बाबी विद्युत शाखेतील जाणकारांकडून तपासून घ्याव्यात. कला-संधारित्र बदलताना तो प्रत्यावर्ती मेन्ससाठी प्रमाणित केलेल्या वर्गाचाच असावा. विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून हे काम करून घ्यायचे असल्यास १२ ते २४ व्होल्टवर चालणारी मोटार निवडणे श्रेयस्कर.

१२. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. समकालिक मोटारीची गती व्होल्टेजवर नव्हे तर वारंवारतेवर अवलंबून असते. भारतातील वीजजालाची वारंवारता आता पुरेशी स्थिर झाली असल्याने सुधारित वीजपुरवठ्याचे मुख्य लाभ कंप कमी होणे, कलांतराचे नियमन, गतीची सूक्ष्म निवड आणि जनित्र व इन्व्हर्टर यांच्या दोषांपासून मुक्तता हे आहेत. पट्टा, पुली व बेअरिंग यांचे दोष पुरवठ्याने दूर होत नाहीत. स्फटिकाधारित थेट चालनाच्या यंत्रास अशा पुरवठ्याची गतीसाठी आवश्यकता नसते.

संस्थांपुरते सांगायचे तर यंत्रातील सुधारणेइतकीच नोंद महत्त्वाची आहे. प्रत्येक संगणकीय प्रतीसोबत यंत्राचा प्रकार, मोटारीचा प्रकार, पुरवठ्याची वारंवारता, पट्टा बदलल्याची तारीख व त्या दिवशी मोजलेली गती नोंदवावी, आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी चाचणी स्वराचे एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण जोडावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. गतीत दोष राहिलाच, तर अशा नोंदीमुळे पुढचा अभ्यासक तो मोजू शकेल व दुरुस्त करू शकेल. नोंदच नसेल, तर प्रतीतील षड्ज गायकाचा की मोटारीचा, या प्रश्नाचे उत्तर देणे कोणालाही शक्य होणार नाही.